संजयच्या नावावर

अलीमियाँ मशिनच्या पोटात दोन बोटं घालून बसले होते, तेवढ्यात गुणवंत दुकानात शिरला. गुणवंत यायचा तो गुरुवारी, दुपारी चार वाजता. आज मंगळवार होता आणि अजून साडेअकराच वाजले होते.

"थांब जरा," अलीमियाँ वर न बघता म्हणाले. "शटल अडकलंय."

गुणवंतनं स्टूल ओढलं. शारजातल्या रोल्लाच्या त्या गल्लीत शिंप्यांची पंचवीस-तीस दुकानं होती आणि त्या सगळ्यांच्या मशिनी शेवटी अलीमियाँच्या टेबलावर येत. एक्केचाळीस वर्षं ते हेच काम करत आले होते. दुकान एवढंसं होतं. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं दारात उभं राहायचं.

"यंदा भिंतीवर संजयला घेतायत," गुणवंत म्हणाला.

"कोण संजय?"

"आपला पेडणेकर. स्टोअरवाला."

अलीमियाँची बोटं आतच राहिली. मग ते हसले. "चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचा तो."

"तोच."

भिंत म्हणजे हॉकी मंडळाच्या हॉलमधली भिंत. शारजा-अजमानमधल्या भारतीय कंपन्यांची हॉकी लीग जुनी होती आणि ती चालवणाऱ्या मंडळानं चार वर्षांपूर्वी 'हॉल ऑफ फेम' काढला होता. दर वर्षी दोन जुने खेळाडू निवडायचे, पितळी पाटीवर त्यांची नावं कोरायची आणि पाट्या हॉलच्या भिंतीवर लावायच्या. पहिल्याच वर्षी गुणवंतची पाटी लागली होती. सी-पर्ल शिपिंगच्या टीमचा कॅप्टन, सेंटर फॉरवर्ड, सात वर्षांत एकोणसत्तर गोल.

यंदा मंडळात निनाद नावाचा एक पोरगा आला होता. मूळचा पुण्याचा, दुबईत डेटाचं काम करणारा. त्यानं जुनी स्कोअरबुकं कपाटातून काढून कॉम्प्युटरवर चढवली. गुणवंतची बायको अनुराधा सी-पर्लच्या सामन्यांना टेबलावर बसून स्कोअर लिहायची. छापील कागदावर फक्त गोल कुणी केला एवढाच रकाना असे. पण अनुराधाला अर्धवट लिहायची सवय नव्हती. चेंडू कुणी दिला तेही ती समासात बारीक अक्षरात टिपून ठेवायची. निनादनं ते समास मोजले. एकशे बारा गोलांपैकी चौऱ्याहत्तर गोलांशेजारी 'सं.' लिहिलेलं होतं. सं. म्हणजे संजय पेडणेकर, इनसाइड-लेफ्ट. कमिटीला त्यानं सांगितलं, हा लीगमधला सर्वांत मोठा प्लेमेकर आहे आणि ह्याचं नाव कुणाला माहीतही नाही.

संजय त्या सात वर्षांत एकही सामना खेळला नव्हता. लीगचा नियम होता, कंपनीच्या पगारावर असलेल्यांनीच खेळायचं. सी-पर्लमध्ये ओढूनताणून दहा खेळणारे निघत होते. अकरावा म्हणून स्टोअरकीपर संजयचं नाव दिलं. त्याला खेळता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. मग संजय झाडाखाली सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचा आणि त्याच्या नावावर, त्याचं कार्ड दाखवून, दर शुक्रवारी मशिनवाले अलीमियाँ परकार उतरू लागले. लहानपणी मामाकडे माझगावात राहून ते शाळेच्या टीममधून खेळले होते. कार्डावर तेव्हा फोटो नसे. ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत आणि बाकीच्यांनी विचारलं नाही. सात वर्षांत तीन कप आले.

"संजय असता तर हसून हसून मेला असता," अलीमियाँ म्हणाले.

संजय जाऊन सहा वर्षं झाली होती.

"पुढचं ऐक. त्याच्या बायकोला बोलावलंय. मंडळानं तिकीट काढलंय, वेंगुर्ल्याहून गोव्याला, तिथून विमान. पहिल्यांदाच विमानात बसणार ती."

"मग आता?"

"आता काय, खलास. कार्यक्रम येत्या शनिवारीच." गुणवंतनं रुमालानं मान पुसली. "त्यांना एक पत्र हवंय. बरोबरच्या खेळाडूचं. संजय कसा खेळायचा, एक पानभर. कॅप्टन म्हणून मलाच लिहायला सांगितलंय."

"मग लिही."

"काय लिहू? माझ्या स्टिकवर चेंडू यायचा तेवढंच मला दिसायचं. तो कुठून यायचा ते तुला ठाऊक."

अलीमियाँनी शटल बाहेर काढलं, फुंकर मारली, उजेडाकडे धरलं. त्यात निळ्या धाग्याचा गुंता अडकला होता. गुणवंत काय मागतोय ते त्यांना कळलं होतं आणि गुणवंतला ते नीट शब्दांत मागता येत नाहीये, हेही कळलं होतं.

"खरं सांगितलंस तर?"

"तर तीन कप जातील. माझी पाटी जाईल." गुणवंतनं रुमाल खिशात ठेवला. "आणि तुला काही मिळणार नाही, अली. तुझ्या नावावर एकही सामना नाही."

"शुक्रवारी येतो, नमाजनंतर," अलीमियाँ म्हणाले.

*

अजमानच्या घरी मैमुनाबी भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून होईपर्यंत त्यांची अर्धी जुडी निवडून झाली. त्या इथे आल्या तेव्हा अलीमियाँचं खेळणं संपून चार वर्षं झाली होती. त्याआधी दाभोळला बसून त्यांनी नवऱ्याच्या हॉकीबद्दल ऐकलं होतं ते फक्त पत्रांतून, तेही पायाला लागलं असेल तेव्हा.

"तुमचं नाव ठेवलं तेव्हा तुमच्या वालिदांनी दोन बकरे कापले होते," त्या म्हणाल्या. "ते नाव तुम्ही एका कार्डासाठी झाडाखाली ठेवून खेळायला जात होतात?"

"खेळायला मिळत होतं."

"आता पत्रसुद्धा तुम्हीच द्यायचं?"

"संजयच्या बायकोसाठी. ती एवढ्या लांबून येणार. तिला काय सांगायचं, तुझा नवरा चपला सांभाळत होता?"

नबिला, नात, सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती नेहमी इंग्रजीत द्यायची. "सो इट्स आयडेंटिटी थेफ्ट," ती म्हणाली. "बट हू स्टोल फ्रॉम हूम, दादा?"

"तू अभ्यास कर," मैमुनाबी म्हणाल्या आणि देठ जरा जोरात मोडले.

अलीमियाँ गॅलरीत गेले. बायकोला न सांगितलेली एक गोष्ट होती. दोन हजार साली, शेवटच्या फायनलनंतर, लीगचा एक पाहुणा टेबलाशी येऊन अनुराधाला विचारत होता, तो इनसाइड-लेफ्ट कोण? तिनं 'संजय' म्हणून सांगितलं. पाहुण्यानं मान डोलावली आणि झाडाखाली बसलेल्या खऱ्या संजयला चपला बाजूला करायला सांगून पुढे गेला. त्या संध्याकाळी अलीमियाँनी स्टिक शेजाऱ्याच्या मुलाला देऊन टाकली. कारण विचारलं असतं तर गुडघा सांगितला असता. कुणी विचारलं नाही.

*

अल मजाजला गुणवंतच्या घरी शुक्रवारी पोहे होते. अनुराधानं बशी पुढे ठेवली, लिंबाची फोड वेगळ्या वाटीत.

"लिंबू तुमचं तुम्ही पिळा, अलीभाई. मी शुक्रवारी आंबटाला हात लावत नाही."

"ठाऊक आहे, वहिनी."

ती कागद-पेन घेऊन बसली. गुणवंत खिडकीपाशी खाडीकडे तोंड करून उभा राहिला.

"लिहा," अलीमियाँ म्हणाले. "तो फार धावायचा नाही. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, हा आळशी आहे. तो चेंडू बघायचा नाही, समोरच्याचे पाय बघायचा. माणूस ज्या पायावर भार देतो त्या बाजूला त्याला लगेच हलता येत नाही. तेवढी जागा मोकळी होते. एक वीत. चेंडूला एक वीत पुरते."

अनुराधाचं पेन भराभर चालत होतं.

"मैदान वाळूचं. तेल टाकून दाबलेली वाळू. चारनंतर गोदामाची सावली डावीकडे पडायची. तिथे वाळू घट्ट, चेंडू सरळ जायचा. उन्हाच्या बाजूला उडायचा. म्हणून तो सावलीच्या कडेनं खेळायचा. लोकांना वाटायचं, ऊन टाळतोय."

"मलाही तसंच वाटायचं," खिडकीपासून गुणवंत म्हणाला.

"कॅप्टन सारखा ओरडायचा, दे, दे. ओरडत असताना हा कधी द्यायचा नाही. ओरडणारा माणूस उभा असतो. धावायला लागला की त्याला ओरडायला दम राहत नाही. ओरडणं थांबलं की मी—"

पेन थांबलं. अनुराधानं वर बघितलं.

"की तो चेंडू सोडायचा," अलीमियाँ म्हणाले. "न बघता. बघितलं तर समोरच्यालाही कळतं."

गुणवंत खाडीकडेच बघत राहिला.

"गोल केला का कधी, असं विचारलंय त्यांनी," अनुराधा हळूच म्हणाली.

"एकदा. चुकून. पास द्यायचा होता."

त्यावर तिघंही हसले, आणि त्यानंतरचं अर्धं पान लवकर झालं. पत्र पूर्ण झाल्यावर गुणवंतनं सही केली. त्याखाली स्कोअरर म्हणून अनुराधाचीही सही हवी होती. तिनं पेनला टोपण लावलं.

"लिहून दिलं, ते ठीक. सही मी करणार नाही."

"अगं, औपचारिकता आहे."

"शुक्रवारी लिंबाला हात न लावणारी मी, आणि दर शुक्रवारीच मी ते नाव लिहीत होते. सात वर्षं." तिनं बशा उचलल्या. "समासात खरं लिहावं असं वाटायचं. तेही 'सं.' असंच लिहिलं. आता आणखी नको."

अलीमियाँना तिचा राग आला नाही, गुणवंतचाही नाही. जाताना त्यांनी फक्त विचारलं, "चौऱ्याहत्तर बरोबर आहेत ना, वहिनी?"

"एकही जास्त नाही," ती म्हणाली.

*

कार्यक्रम मंडळाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी पाचला. मैमुनाबी येणार नव्हत्या, पण नबिलाला कुणी सांभाळायचं असं म्हणून आल्या. नबिला तेरा वर्षांची होती.

कुंदावहिनी, म्हणजे संजयची बायको, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नेसूचं हिरवं इरकल, अंगावर शाल, कारण एसी सोसत नव्हता. विमानतळावरून त्यांना आणायला निनाद गेला होता. तो सारखा पाणी विचारत होता. अलीमियाँ समोर जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांनी ओळखलं नाही, आणि अलीमियाँनीही ओळख सांगितली नाही. फक्त नमस्कार केला.

निनादनं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. त्यानंच भाषांतर केलं होतं आणि बरं केलं होतं. पाय, सावली, एक वीत जागा, ओरडणारा कॅप्टन, सगळं आलं. लोक गुणवंतकडे बघून हसले. मैमुनाबींना इंग्रजी कळत नव्हतं. नबिला त्यांच्या कानाशी लागून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. ती सलग एवढं मराठी बोलताना अलीमियाँनी कधी ऐकलं नव्हतं. मैमुनाबी मान खाली घालून ऐकत होत्या. नवरा कसा खेळायचा ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग अध्यक्ष अक्रमसाहेबांनी पाटी कुंदावहिनींच्या हातात दिली. हे लखनौचे, बोलणं मऊ, उर्दूतलं. "भाभीजी, दो लफ़्ज़," ते म्हणाले आणि माइक पुढे केला.

कुंदावहिनींनी माइककडे बघितलं, मग पाटीकडे.

"माका भाषण करूक येना नाय," त्या म्हणाल्या. "तुमी ह्येंची आठवण काढलास, बरा वाटला. पण खेळायचे ते ह्ये नाय. ह्ये झाडाखाली बसान सगळ्यांच्या चपला नि घड्याळा सांभाळायचे. खेळायचो तो मशिनवालो अलीमियाँ. ह्येंच्या नावावर. ह्येंनी माका कितीदा सांगितल्यानी. सुट्टीत घरी इले की शेणी रचून दाखवायचे, अली हय, गुणवंत थय. म्हणायचे, कुंदा, असो खेळणारो मी दुसरो बघूक नाय." त्यांनी शाल सारखी केली. "माका वाटला, चपला सांभाळल्यानी म्हणान बोलावलास. तेवढाच."

त्यांनी माइक परत दिला.

अक्रमसाहेबांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. "बहुत ख़ूब, भाभीजी, बहुत ख़ूब." मागे मल्याळी आणि पंजाबी मंडळी बसली होती, त्यांनीही वाजवल्या. हॉलमध्ये फक्त सहा माणसांना ते कळलं होतं, आणि त्या सहांपैकी कुणाच्याही हातांना टाळी सुचली नाही.

"दादा," नबिला म्हणाली. "दॅट्स यू."

चहाच्या वेळी निनाद आला. हातातला कागद त्यानं गुंडाळला होता, पुन्हा उलगडला होता.

"काका, त्या म्हणाल्या ते खरं आहे का?"

गुणवंत दोन पावलांवर उभा होता, हातात समोसा. अनुराधा त्याच्याशेजारी होती. मैदानात अलीमियाँना गुणवंत कुठे आहे ते बघावं लागत नसे. आज त्यांनी बघितलं. गुणवंत बशीकडे बघत होता.

"वय झालंय हो त्यांचं," एव्हाना अर्थ कानावर गेलेलं कमिटीतलं कुणीतरी मधेच म्हणालं. "प्रवासाचा थकवा. काहीतरी गल्लत होत असेल."

निनादनं मान हलवली नाही. "काका, फक्त हो की नाही सांगा. बाकी मी बघतो."

पलीकडच्या खुर्चीत कुंदावहिनी पाटी मांडीवर घेऊन, पदराच्या टोकानं तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसत होत्या. 'नाही' म्हणणं सोपं होतं. एक आडवी मान, आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. फक्त वेंगुर्ल्याहून आलेली बाई सगळ्यांसमोर खोटी पडली असती. किंवा भ्रमिष्ट.

"त्यांची काही गल्लत झालेली नाही," अलीमियाँ म्हणाले. "खेळत होतो मी. त्या म्हणाल्या ते सगळं बरोबर आहे."

गुणवंतनं बशी टेबलावर ठेवली आणि तो बाहेर गेला. अनुराधा जरा वेळ थांबली. जाताना ती कुंदावहिनींच्या पाया पडली.

*

त्या गुरुवारी गुणवंत दुकानात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अलीमियाँ चार वाजता दोन चहा मागवायचे, दुसरा निवून जायचा, मग शेजारचा शिंपी प्यायचा. फोन करावा असं दोनदा मनात आलं. काय बोलणार, म्हणून ठेवून दिला.

चौथ्या आठवड्यात मंडळाची ईमेल आली. रेहानच्या, म्हणजे मुलाच्या, पत्त्यावर आली होती. नबिलानं ती घरी मोठ्यानं वाचली आणि आजीसाठी मराठीत सांगितली. नियमानुसार सी-पर्ल शिपिंगचे सात वर्षांचे निकाल रद्द. तिन्ही कप काढून घेण्यात येत आहेत. श्री. गुणवंत आणि श्री. संजय पेडणेकर यांच्या पाट्या उतरवण्यात येतील. अलीमियाँ परकार यांच्या नावाचा विचार करता येत नाही, कारण त्यांच्या नावे एकाही सामन्याची नोंद नाही.

"तर मग झालं," मैमुनाबी म्हणाल्या. त्यांनी दुपारच्या नमाजची चटई घडी केली.

"वेट, देअर्स अ लिस्ट," नबिला म्हणाली. खाली एक तक्ता होता. निनादनं केलेला असणार. अपात्र खेळाडूचा तपशील. तिनं तो वाचला. अपात्र खेळाडूचं नाव, अलीमियाँ इब्राहिम परकार. जागा, इनसाइड-लेफ्ट. सामने, एकसष्ट. गोल, एक. गोलासाठी दिलेले पास, चौऱ्याहत्तर. त्यापुढे प्रत्येक सामन्याची तारीख, एकसष्ट ओळी, प्रत्येक ओळीत तेच नाव.

अलीमियाँनी तिला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "हे कागदावर निघतं का?"

"प्रिंट? दादा, इट सेज यू चीटेड."

"ते कळलं मला. काढ."

कागद घेऊन ते दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. ट्रेड लायसन्स काचेच्या चौकटीत भिंतीवर लावावं लागतं, तशीच एक चौकट त्यांनी शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडून आणली, आणि लायसन्सच्या बाजूला खिळा ठोकला. शिंपी येत, मशिन ठेवत, वर बघत. इंग्रजी कागद, खाली रकाने. सरकारी असेल असं समजून कुणी काही विचारत नसे.

गुणवंत आला तो आणखी दोन गुरुवारांनी. दारात उभा राहिला. थोडा बारीक झाला होता. अलीमियाँच्या टेबलावर एक जुनं मशिन उघडून पडलं होतं, त्यांचे हात तेलानं माखलेले होते.

"पाटी काढली," गुणवंत म्हणाला. "चार भोकं राहिलीत भिंतीत. रंग देतो म्हणाले, अजून दिला नाही."

"बस," अलीमियाँ म्हणाले.

तो बसला नाही. चौकटीसमोर उभा राहून त्यानं तक्ता पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचायला बराच वेळ लागला. मधे एका तारखेवर बोट टेकवून थांबला. "ह्यात मी चार केले होते," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पुढे वाचू लागला. बाहेर कुणीतरी ट्रकवाल्याला यल्ला, यल्ला म्हणून पुढे घालवत होतं.

शेवटच्या ओळीपर्यंत तो गेला. चौकट खिळ्यावर जराशी तिरकी झाली होती. गुणवंतनं तिचा एक कोपरा बोटानं वर केला, मागे सरून बघितलं, पुन्हा किंचित खाली घेतला. मग स्टूल ओढून बसला.

अलीमियाँनी हात पुसले आणि समोरच्या कॅफेटेरियातल्या पोऱ्याला दोन बोटं दाखवली.